आईच्या डोळ्यांचे जुने फोटो

९ जून

प्रिय भोपळ्या,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि पुढे सामसूम. म्हणून ही लांबलचक मेल. वाचलीस तरी पुरे, प्रेमाने वाच अशी अट नाही. काम तुझ्यावाचून अडलंय, नाहीतर मी तरी कशाला तुझ्या नाकदुऱ्या काढत बसले असते?

आईच्या डोळ्यांचं आहे. गेल्या महिन्यापासून तिला दाराची चौकट वाकडी दिसते. कुठल्या डोळ्याने, असं विचारलं तर म्हणते, "मी काय एकेक डोळा मिटून घरभर हिंडते?" ओढून डॉक्टरांकडे नेलं. नवी डॉक्टर तरुण आहे, हुशार आहे, फक्त बोलता बोलता पुढच्या पेशंटकडे बघते. तिने तपासून सांगितलं, दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर डाग आहे. त्यातला एक जुना असणार, कारण मागे डोळ्यांच्या हॉस्पिटलात आईला सांगितलं होतं, एका डोळ्यात डाग आहे, घाबरू नका. कुठल्या डोळ्यात ते आईला आठवत नाही. कागद केव्हाच रद्दीत गेले आणि ते हॉस्पिटलही बंद पडलं.

आता नीट वाच. जुना डाग म्हणजे नुसता वण, त्याला काही करायचं नसतं. नवा डाग वाढतो. त्याला डोळ्यात इंजेक्शन द्यावी लागतात आणि तीही लगेच. उशीर झाला तर नजरेचा मधला भाग जातो आणि गेलेला परत येत नाही. नवा कुठला हे ओळखायला शिरेतून रंग सोडून फोटो काढतात, पण आईच्या किडनीला तो रंग झेपणार नाही. दोन्ही डोळ्यांत विनाकारण सुया टोचायला डॉक्टर तयार नाही. राहिले जुने फोटो. ते आहेत. हॉस्पिटलने बंद होताना पेशंटना आपापले फोटो सीडीत घालून दिले होते.

पण त्या फाइली कशातच उघडत नाहीत. डॉक्टरच्या कंप्युटरवर नाही, माझ्या लॅपटॉपवर नाही. मग मी नावामागचं शेपूट बघितलं आणि उडालेच. आपल्या फोटो स्टुडिओतल्या स्कॅनरच्या फाइलींना हेच शेपूट होतं! एकाच कंपनीची यंत्रं असणार. ती कंपनीही आता राहिली नाही. त्या फाइली वाचणारी लायब्ररी जगात एकच असावी, आणि ती तू बाबांसाठी लिहिली होतीस.

जुन्या हार्ड डिस्कवर तुझं फोल्डर सापडलं. इन्स्टॉल करायला गेले तर पडदाभर लाल अक्षरं. शेवटी एवढंच कळलं की तिला आणखी कुठली तरी लायब्ररी हवी आहे आणि ती मिळत नाही. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने हक्काने उसनं घ्यायचं कौशल्य, असं तू मला समजावलं होतंस. तुझी लायब्ररी स्वतःच उसनवारीवर चालते हे सांगायचं राहिलं होतं.

काय करू ते सांग. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी सांग.

ताई


१४ जून

भोपळ्या,

तुझं उत्तर मिळालं. सगळ्या मिळून चार ओळी, त्यातली एकही "कशी आहेस" नाही. असो. चारही कामाच्या निघाल्या.

तू म्हणालास तसं केलं. आधी ती दुसरी लायब्ररी शोधली, पण नवी आवृत्ती घातली, तर तुझ्या लायब्ररीने तोंड फिरवलं. जुनी घातली, तर लॅपटॉप म्हणाला इतकं जुनं मी घेत नाही. दोघींमध्ये मी, सासू-सुनेच्या भांडणात सापडलेल्या मुलासारखी. शेवटी तुझ्या चौथ्या ओळीप्रमाणे वेगळं फोल्डर करून जुन्या मंडळींना तिथे स्वतंत्र बिऱ्हाड थाटून दिलं, आणि कमांड दिली. यावेळी लाल काही आलं नाही. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. मला वाटलं परत फसलं. तुझे भावजी म्हणाले, "काही बोलत नाही म्हणजे झालं असेल. तुझ्या भावासारखंच आहे ते."

आधी परीक्षा म्हणून स्टुडिओतली एक फाइल उघडली. काउंटरमागे उभे असलेले बाबा, शर्टाच्या डाव्या खिशाला पेन, मागे घड्याळ, आई खुर्चीत हसतेय आणि तू कोपऱ्यात तोंड पाडून. सगळं जागच्या जागी, लख्ख. बाबांना इतक्या दिवसांनी असं अचानक समोर बघून मला रडू आलं, आणि तुझी इतकी आठवण झाली की तुझा राग यायचंच विसरले.

मग आईचे डोळे उघडले. दोन फाइली, एक उजवा, एक डावा. नारिंगी गोळा, त्यात एक पिवळा ठिपका आणि तिथून फुटलेल्या शिरा. उजव्यात तो डाग अगदी स्पष्ट दिसतो. डावा स्वच्छ. आई शेजारीच होती. म्हणाली, "एवढ्या शिरा? मग दुखणारच ना." मी म्हटलं, डोळे दुखतच नाहीयेत तुझे. म्हणाली, "मग डोकं दुखत असेल, तुम्हा दोघांमुळे."

स्टुडिओची सवय जाता जात नाही. कडा छाटल्या, कोपऱ्यातली बारीक छापील अक्षरं काढली, धुळीचे ठिपके पुसले, आणि मग डॉक्टरला प्रिंट दिले. न छाटलेला प्रिंट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा म्हणजे बाबांच्या लेखी गुन्हाच होता, तुला माहीत आहे.

तुझी लायब्ररी फार छान आहे रे. हे मला तेव्हा कळत नव्हतं. तू आत बसून मशीनला टाके घालत असतोस असं बाबा म्हणायचे, आणि मला तेच खरं वाटायचं. बाबा असते तर आज त्यांना हे फोटो दाखवले असते.

ताई


२३ जून

भोपळ्या,

यावेळी नऊ ओळी! आणि त्यांत "आईला विचारलं म्हणून सांग" सुद्धा. आईला सांगितलं. तिने ऐकलं नाही असं दाखवलं आणि मग संध्याकाळभर गुणगुणत होती.

लायब्ररी तू सगळ्यांसाठी खुली करून टाकलीस हे फार चांगलं केलंस. ते हॉस्पिटल बंद पडलं तसे त्या कंपनीचे कॅमेरे घेतलेले आणखी किती तरी दवाखाने असतील, त्यांच्या पेशंटच्या सीड्या अशाच कपाटात पडून असतील. माझ्या एका मेलमुळे तू हे केलंस, याचा मला उगीचच मोठेपणा वाटतोय.

आता आईचं. डॉक्टरने प्रिंट बघितले आणि म्हणाली, "हे घोळ घालून ठेवलेत त्यांनी." मला कळेना. तिने समजावलं. डोळ्याची नस जिथून आत येते तो पिवळा ठिपका नेहमी नाकाच्या बाजूला असतो. त्यामुळे फोटो बघितला की डोळा उजवा की डावा ते लगेच कळतं. ज्या फोटोला उजवा असं नाव आहे, तो डाव्या डोळ्याचा दिसतोय, आणि डावा म्हटलेला उजव्याचा. म्हणजे हॉस्पिटलवाल्यांनी नावांची अदलाबदल केली. मला इतका संताप आला! लोकांचे डोळे म्हणजे काय चपला आहेत, इकडची तिकडे गेली तरी चालायला?

तर हिशेब असा लागला. जुना डाग डाव्या डोळ्यातला, तो वण, त्याला हात लावायचा नाही. उजव्यातला नवा. त्याच दिवशी उजव्या डोळ्यात पहिलं इंजेक्शन दिलं. मी बाहेर बसले होते. आई डोळ्याला पट्टी लावून बाहेर आली आणि म्हणाली, "झालं. सुई दिसली सुद्धा नाही. डोळ्यातच असल्यावर दिसणार कशी?" नर्स हसून हसून बेजार.

पुढचं महिन्याने. डॉक्टर म्हणते, वेळेत आलात. ती असं म्हणाली तेव्हा मी मनात तुझं नाव घेतलं. आता हे वाचून फुगू नकोस.

ताई


१८ जुलै

भोपळ्या,

बरेच दिवस लिहिलं नाही. इथे जरा धावपळ होती. आई ठीक आहे. म्हणजे तशी ठीक आहे. दुसरं इंजेक्शन झालं. तिची फार काळजी करू नकोस, ती मजेत आहे.

एक विचारायचं होतं. तुझी लायब्ररी फोटो वाचताना तो आडवा फिरवते का? म्हणजे आरशात दिसतो तसा? सहज विचारते. आणि फिरवत असेल तर का फिरवते?

आणखी एक. किती जणांनी घेतली ती आतापर्यंत? तुला कळतं ना ते?

लगेच उत्तर दे. उशीर करू नकोस.

ताई


२१ जुलै

भाऊराया,

तुझं उत्तर आलं. कितव्यांदा तरी वाचलं. तू इतक्या मोकळेपणाने लिहिलंयस की मला आता काय लिहू तेच सुचत नाही. पण लिहायला हवं.

बाबांनी आयुष्यभर एन्लार्जरवर, निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायच्या त्या यंत्रावर, काम केलं. त्यात निगेटिव्हची चकचकीत बाजू वर ठेवायची असते. स्कॅनरला ती खाली हवी होती. कंपनीचा माणूस त्यांना सांगून गेला, तू एकदा सांगून बघितलंस, तर म्हणाले, "निगेटिव्ह कशी ठेवायची ते मला शिकवतोस?" तेव्हापासून ते रोज आत्मविश्वासाने उलटी ठेवत राहिले, आणि तू वाद नको म्हणून लायब्ररीतच सोय केलीस. कुठलाही फोटो आला की वाचतानाच आडवा फिरवायचा. बाबांना कधी पत्ताच लागला नाही. पडद्यावर सगळं सुलटं दिसायचं आणि ते म्हणायचे, "बघ, माझ्या हातून कधी उलटी पडत नाही." हे तू मला आज सांगितलंस. मी आत फोटोंवरचे डाग पुसायला, टचिंगला बसायचे. मलाही कधी कळलं नाही.

आणि ज्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकांसमोर तुला म्हटलं की याला धड एक काम येत नाही, त्या दिवशीसुद्धा तू हे बोलला नाहीस. किल्ल्या काउंटरवर ठेवून निघून गेलास. मला वाटायचं तुझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

शेवटी तू विचारलंयस, "का विचारतेस? तिकडे काही बिघडलं का?"

बिघडलं. मी अठरा तारखेला खोटं लिहिलं. आई ठीक नाही.

इंजेक्शन देऊनही चौकट आणखी वाकायला लागली. डॉक्टर बुचकळ्यात पडली. तिने न छाटलेली मूळ चित्रं मागितली. मी संध्याकाळी लॅपटॉप उघडून ती काढत होते, तेवढ्यात तुझे भावजी चहा घेऊन आले आणि माझ्यामागे उभे राहिले. म्हणाले, "ही अक्षरं उलटी का आहेत?"

मी म्हटलं, कुठली?

"अगं, कोपऱ्यातली. आरशात धरल्यासारखी आहेत. तुला दिसत नाहीत का?"

मला खरंच दिसत नव्हतं. तुला हे कळेल, दुसऱ्या कुणाला सांगून पटणार नाही. लहानपणापासून आपण निगेटिव्हच्या कडेला लिहिलेली गिऱ्हाइकांची नावं वाचत आलो, बाजू सुलटी असो की उलटी. माझे डोळे उलटं अक्षर सरळच वाचतात, अडखळत नाहीत. मी ती अक्षरं पहिल्याच दिवशी वाचली होती. तारीख, आणि "उजवा". वाचली, आणि स्वच्छ प्रिंटसाठी छाटून टाकली. ती राहिली असती तर डॉक्टरने एका नजरेत ओळखलं असतं.

आईचा हातआरसा आणून पडद्यासमोर धरला. पिवळा ठिपका इकडचा तिकडे गेला. हॉस्पिटलवाल्यांची काहीच चूक नव्हती. त्यांनी उजव्याला उजवाच म्हटलं होतं.

म्हणजे जुना वण उजव्यात होता. आपण त्याच्यावर इंजेक्शन दिलं. नवा डाग डाव्यात होता, आणि त्याला आपण वण म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मी दारात उभी होते. डॉक्टरला सगळं सांगितलं. ती बराच वेळ दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघत राहिली. एकदाही दाराकडे बघितलं नाही. मग म्हणाली, "जुन्या फोटोतल्या शिरा आताच्या डोळ्यांशी जुळवून बघायला हव्या होत्या मी. ठिपका बघितला आणि थांबले." तिने तिथल्या तिथे आईच्या डाव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं. तेच मी तुला "दुसरं इंजेक्शन" म्हणून कळवलं. पण मधले दिवस गेले ते गेले. डाव्या डोळ्याचा मधला भाग गेला आहे. तो परत यायचा नाही असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. उरलंय ते बहुतेक टिकेल.

मी घरी येऊन आईसमोर ढसाढसा रडले. तिला सगळं सांगितलं, अक्षरांचं, छाटण्याचं, आरशाचं. फोटो फिरवला कुणी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तिने ओळखलं. तिला बाबांची ती सवय ठाऊक होती म्हणे. "त्यांना स्कॅनरपाशी बघायचे ना मी. आणि फोटो तर सुलटे यायचे. मग कुणीतरी मागून सावरून घेतंय हे कळायला मला कंप्युटर यायला कशाला हवा?" मी विचारलं, मग तू बाबांना का नाही बोललीस? म्हणाली, "पोरगा गप्प होता, मग मी कशाला तोंड उघडू? दोघंही खूश होते." मग माझा हात धरून म्हणाली, "त्याला यातलं काही कळवायचं नाही. तुझे बाबा त्याला कमी बोललेत का? आता आईचा डोळा आपल्यामुळे गेला असं त्याच्या डोक्यात बसलं, तर तो या घराचा उंबरा कधी चढायचा नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. त्याच दिवशी तुला ती घाईची मेल लिहिली. लायब्ररी अजून कुणीच घेतली नाही असं तू लिहिशील, मी विषय सोडून देईन, आणि सगळं आमच्या घरातच राहील, असं मला वाटत होतं.

पण तुझ्या उत्तरात शेवटी, अगदी आनंदाने, लिहिलंयस की डोळ्यांच्या दोन दवाखान्यांनी लायब्ररी घेतली, एकाने तर आभारही मानले. भाऊराया, विचार कर. त्यांच्याकडेही कुणाची तरी आई खुर्चीत बसली असेल. त्यांच्याही डॉक्टर म्हणत असतील, नावांचा घोळ घालून ठेवलाय जुन्या लोकांनी.

म्हणून शपथ मोडते आहे. आईला विचारून मोडते आहे. सकाळी तिच्याजवळ बसून तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या दोन दवाखान्यांपाशी आले तेव्हा तिने मला थांबवलं. तेवढं परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "लिही त्याला. पण नीट लिही."

मला नीट लिहिता येतंय का, माहीत नाही. तू कुणाचं वाईट केलं नाहीस. एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच दुकानात कमीपणा येऊ नये म्हणून तू एक ओळ लिहिलीस. ती डोळ्यांच्या फोटोंसाठी नव्हती, आणि तिथे ती नेऊन ठेवली मी. तुला राग आला तर माझ्यावर काढ. स्वतःवर काढलास तर मला चालणार नाही.

आधी ती ओळ काढ. हे पत्र पुरं व्हायच्या आत काढलीस तरी चालेल. आपले स्टुडिओतले सगळे फोटो त्यामुळे उलटे दिसतील, बाबांचं पेन उजव्या खिशाला जाईल. जाऊ दे. ज्यांच्यासाठी ती ओळ ठेवली होती, ते आता बघायला नाहीत. मग त्या दोन दवाखान्यांना लिही, आणि ज्यांनी ज्यांनी घेतली त्या सगळ्यांना लिही. काय झालं ते स्पष्ट लिही, आईचं उदाहरण द्यायचं असेल तर दे. ती म्हणते, "माझं नाव घातलं तरी चालेल, माझ्या डोळ्याचा कुणाला तरी उपयोग होऊ दे."

हे सगळं झालं की मग ये. ये म्हणते मी, आईने सांगितलंय म्हणून नाही, मला तू हवा आहेस म्हणून.

आई आता माझ्या शेजारीच बसली आहे आणि मी काय लिहिते ते विचारते आहे. उजव्याने तिला धूसर दिसतं, डाव्याने कडेकडेचं तेवढं दिसतं. माणूस समोर आला की तिथे नुसता करडा ढग असतो. काल मी समोर बसले होते तर मला म्हणाली, "तू आहेस ना? मग जरा सरक." मी सरकले तर ओळखीचं हसली.

म्हणून एवढं लक्षात ठेव. येशील तेव्हा तिच्या अगदी समोर बसू नकोस. जरा कडेला बस. तिथून तू तिला दिसशील.

ताई